आजीचे सोळा आणे

मित्रांनो, 'सोळा आणे खरे' हा शब्दप्रयोग तुम्ही कधीतरी ऐकला असेल. एखादी गोष्ट पूर्णपणे खरी असली, की तिला आपण 'सोळा आणे खरी' म्हणतो. पण सोळाच आणे का? वीस का नाहीत? त्याचे कारण सोपे आहे. पूर्वी एका रुपयाचे सोळा आणे होत. सोळा आणे म्हणजे पूर्ण रुपया. 1 एप्रिल 1957 पासून आपल्या देशात एका रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आणे मागे पडले. भाषेत मात्र ते अजून टिकून आहेत. पाच रुपयांच्या वस्तूला कोणी 'चार आण्यांची वस्तू' म्हटले, तर आपल्याला हसू येते आणि अर्थही कळतो.

माझ्या आजीने मात्र आणे कधी सोडलेच नाहीत. नवे पैसे येऊन पंचवीस-तीस वर्षे झाली होती, तरी ती पंचवीस पैशांना चार आणे आणि पन्नास पैशांना आठ आणेच म्हणे. तिच्या मनातला रुपया सोळा आण्यांचाच होता. त्या सोळा आण्यांची तिची वाटणी ठरलेली होती. ती म्हणायची, "बारा आणे पोटाला, दोन आणे अडचणीला, एक आणा पाहुण्याला आणि एक आणा ज्याच्याकडे आपल्यापेक्षा कमी आहे त्याला." हिशेब करून पाहा. बरोबर सोळा आणे होतात.

आजी शाळेत गेली नव्हती. तिला अक्षरओळख नव्हती; पण तिचा हिशेब कधी चुकत नसे. दाराच्या मागे भिंतीवर ती कोळशाने रेघा ओढी. दूधवाला आला की एक उभी रेघ. तो आला नाही तर फुली. महिना संपला की रेघा मोजून ती पैसे देई. जमा, खर्च, बाकी, हिशेब हे शब्द रोज तिच्या तोंडी असत. हे शब्द तुम्हाला परके वाटणार नाहीत. ते अरबी-फारसीतून आले आणि मराठीत व उर्दूत सारखेच रुळले. 'काटकसर' या मराठी शब्दातला 'कसर' हा शब्दही तुमच्या ओळखीचा आहे. म्हणजे माझ्या आजीच्या घरखर्चाची अर्धी भाषा तुम्हाला आधीपासूनच येते!

आम्ही मुंबईत परळ भागातल्या एका चाळीत राहत होतो. एकच खोली, दहा फूट लांब आणि बारा फूट रुंद. तिच्यातच मोरी, तिच्यातच स्वयंपाक आणि वर सामान ठेवायला माळा. आजी, आई, बाबा, ताई, मी आणि धाकटा भाऊ अशी आम्ही सहा माणसे त्या खोलीत राहत होतो. बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणण्याच्या खात्यात, कामाला होते. आजी मूळची कोकणातली. लग्न होऊन ती मुंबईला आली, पण कोकणातल्या सवयी बरोबर घेऊन आली.

कोकणातल्या माणसाला नारळ वाया घालवणे ठाऊक नसते. आजी नारळ सोले तेव्हा आम्ही बघत बसायचो. खोबरे कालवणात जाई. रस काढून उरलेला चोथा चटणीत जाई. वरच्या शेंड्या भांडी घासायला होत. करवंटी नीट घासून तिला काठी बसवली, की पाणी घ्यायला डाव तयार. फुटक्या करवंट्या जळणात. शेवटी हाताला काही लागतच नसे. फणसातल्या आठळ्या ती माती लावून ठेवी. पावसाळ्यात भाजी महागली, की त्या उकडून कालवणात घाली. तांदळाच्या धुवणाचे पाणी गॅलरीतल्या तुळशीला आणि मिरचीच्या रोपाला मिळे. भाताची पेज आम्ही मीठ घालून पीत असू. जरा जास्त झाली, तर तिची खळ करून बाबांचा सदरा कडक केला जाई.

आजीचे एक वाक्य आम्हा मुलांना पाठ झाले होते. "वस्तू टाकायच्या आधी तिला विचारावं, बाई गं, तुझ्यात अजून काय शिल्लक आहे?"

आता एका लुगड्याचीच गोष्ट पाहा. आजी नऊवारी सुती लुगडे नेसायची. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. लुगडे मधल्या भागात आधी विरते, कारण बसण्या-उठण्याचा ताण तिथेच पडतो. तेवढ्याने आजी लुगडे टाकत नसे. विरलेला भाग ती कापून काढी आणि उरलेली दोन टोके जोडून शिवी. याला 'दंड घालणे' म्हणतात. दंड घातलेले लुगडे आणखी वर्षभर चाले. मग त्यातला मऊ भाग बाजूला ठेवला जाई. चाळीत कुणाकडे बाळ जन्मले, की त्याचे दुपटे होई. नवे कापड बाळाच्या अंगाला टोचते. जुने, शंभर वेळा धुतलेले सूत टोचत नाही. उरलेल्या भागाची गोधडी होई. गोधडी फाटली की तिचे पायपुसणे. पायपुसणे झिजले की फरशी पुसायचे फडके. आणि फडक्याच्याही चिंध्या झाल्या, की शेगडी पेटवायला त्या उपयोगी पडत. एक लुगडे असे घरात पंधरा-वीस वर्षे तरी नांदत असे.

गोधडी शिवणे हा आमच्या घरातला मोठा कार्यक्रम असे. दुपारी बाबा कामावर आणि आम्ही शाळेत गेलो, की आजी खोलीभर लुगडे अंथरी. त्यावर जुनी धोतरे, सदरे, परकर यांचे तुकडे एकावर एक रचले जात. वर पुन्हा एक लुगडे. कडा आत मुडपून ती एका कोपऱ्यापासून धावदोरा घालायला सुरुवात करी. टाके कडेकडेने फिरत फिरत मध्यापर्यंत पोहोचत. बोटभर अंतरावर ओळी, सगळ्या सारख्या. शेजारच्या बायकाही येऊन बसत. गप्पा चालत आणि सुयाही चालत. शेवटचा टाका घालण्याआधी आजी मधोमध पोळीचा एक लहानसा तुकडा ठेवी आणि वरून शिवून टाकी. "असं का गं आजी?" असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "जी आपल्याला ऊब देणार, तिचं पोट रिकामं कसं ठेवायचं?"

तुमच्याकडे गोधडीला गुदडी म्हणतात. 'गुदडी का लाल' ही म्हण तर तुम्ही वापरत असालच. फाटक्या गुदडीतही रत्न सापडते, असा तिचा अर्थ. आजीला ही म्हण माहीत असती, तर तिला ती फार आवडली असती.

आम्हा मुलांसाठीही तिचे उद्योग चालत. शाळेची परीक्षा संपली, की ती आमच्या सगळ्या वह्या मागून घेई. प्रत्येक वहीत शेवटी चार-सहा कोरी पाने उरलेली असत. ती पाने काढून, एकावर एक रचून, दाभणाने भोके पाडून ती जाड दोऱ्याने शिवी. वर जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठ्यासारखे पान. झाली कच्ची वही! कुठे एकरेघी पान, कुठे दुरेघी, कुठे गणिताचे चौकटीचे. पण त्या वहीवर पाढे लिहायला फार मजा येई.

इथपर्यंत वाचून तुमच्यापैकी एखादा म्हणेल, "ही आजी जरा कंजूषच दिसते!" नाही, मित्रांनो. काटकसर आणि कंजूषपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंजूष माणसाबद्दल मराठीत म्हणतात, 'चमडी गेली तरी दमडी सुटू नये.' आजीची दमडी योग्य वेळी लगेच सुटत असे. चार ठिकाणी ती कधीच हात आखडत नसे. औषध, शाळा, दारात आलेल्याचा चहा आणि कामवाल्याची मजुरी. लाकडाचा भारा डोक्यावरून आणून देणाऱ्या बाईशी तिने कधी घासाघीस केली नाही. ती म्हणायची, "भाजीत काटकसर करावी, दुसऱ्याच्या घामात करू नये."

तिच्या या शिस्तीची खरी परीक्षा 1982 साली झाली.

त्या वर्षी 18 जानेवारीला मुंबईतल्या कापड गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत हे त्याचे नेते होते. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप महिना-दोन महिने चालेल, असे सगळ्यांना वाटले होते. तो वर्षाहून अधिक काळ चालला. गिरण्यांचे भोंगे थांबले आणि गिरणगावात घरोघरी पगार थांबला. कितीतरी कुटुंबे गावी निघून गेली. कुणी भाजीची हातगाडी लावली, कुणी हमाली केली. बाबांनाही मिळेल ते काम करावे लागले; पण तेही रोज मिळत नसे.

पहिल्याच महिन्यात आजीने घराची सूत्रे हाती घेतली. रॉकेल रेशनकार्डावर मोजून मिळे आणि ते पुरत नसे. तेव्हा आजीने भुशाची शेगडी केली. ती कशी करतात, ते सांगतो तसे... नव्हे, सांगते तसे नीट डोळ्यांसमोर आणा. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा. त्याला खाली एका बाजूला भोक पाडायचे. डब्यात मधोमध एक बाटली उभी धरायची आणि खालच्या भोकातून एक जाड काठी बाटलीपर्यंत आत सरकवायची. मग भोवती लाकडाचा भुसा घालून तो दाबून दाबून बसवायचा. डबा भरला, की बाटली आणि काठी हलकेच काढून घ्यायची. आत एक उभी आणि एक आडवी अशी पोकळी तयार होते. खालून पेटती चिंधी सरकवली, की भुसा आतल्या बाजूने हळूहळू जळत राहतो. हवा खालून येते आणि आच वर जाते. भुसा सैल राहिला तर तो ढासळतो आणि नुसता धूर होतो. म्हणून दाबण्याचे काम आजी स्वतः करी. लाकडाच्या वखारीतून भुसा स्वस्तात मिळे. शेगडी गॅलरीत पेटवली, की एका भरण्यात आमचा दोन्ही वेळचा स्वयंपाक होई.

दुपारी आम्ही सगळे वर्तमानपत्राच्या पिशव्या करायचो. पिठाची खळ, रद्दी आणि सहा जोड्या हात. आजी घडी घाली, ताई चिकटवी, मी शेकड्याने मोजून ठेवी. पिशव्या वाण्याच्या दुकानात जात आणि त्याबदल्यात तूरडाळ किंवा साखर घरात येई.

दिवाळीच्या सुमारास मात्र मोठी अडचण उभी राहिली. ताई दहावीत होती. तिच्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता. अर्जाची फी आणि मागे राहिलेले पुस्तकांचे पैसे, असे दोन्ही हवे होते. शेजारच्या एक काकू म्हणाल्या, "मुलीला कपडे शिवायच्या कारखान्यात पाठवा. चार पैसे येतील. परीक्षा काय, पुढच्या वर्षी देईल." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हते. चाळीतल्या कितीतरी मुला-मुलींनी त्या वर्षी शाळा सोडली होती. बाबा काहीच बोलले नाहीत. ताई मोरीत जाऊन भांडी घासत बसली. तिचे डोळे आम्हाला दिसू नयेत, म्हणून ती तिथे गेली होती.

आजी उठली. तिने तांदळाचा मोठा डबा ओढला. त्यात तांदूळ थोडेच उरले होते. तळाशी हात घालून तिने एक कापडी पुरचुंडी काढली. तिच्यात नाणी होती आणि घड्या घातलेल्या काही नोटा होत्या. हे तिचे 'अडचणीचे दोन आणे' होते. संप सुरू झाल्यावरसुद्धा, पिशव्यांच्या पैशांतूनही, ती ते बाजूला काढत होती. आम्ही सगळे मिळून नाणी मोजली. अर्ज भरण्यापुरते पैसे निघाले आणि पुस्तकांपुरतेही.

आई हळूच म्हणाली, "आत्या, हे तुमच्या औषधाला राहू द्या."

आजी म्हणाली, "शाळा सुटली तर पुन्हा धरता येत नाही, सूनबाई. माझा खोकला काय, तो कुठे जातोय!"

त्याच आठवड्यात बाबांच्या शेजारच्या मागावर काम करणारे एक विणकर भेटायला आले. ते मदनपुऱ्यात राहत. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ते उत्तर प्रदेशातल्या आपल्या गावी निघाले होते. घरी दोन महिन्यांचे बाळ होते. मुंबईत आता भागणार नाही, असे ते म्हणाले. चाचा जायला उठले तेव्हा आजीने त्यांना थांबवले. ट्रंकेतून तिने एक मऊ दुपटे काढले. मग आईला म्हणाली, "दशम्या कर. दोन दिवसांचा प्रवास आहे. बाळंतीण बाई उपाशी राहायची नाही."

तुम्हाला दशमी माहीत आहे का? पाण्याऐवजी दुधात पीठ मळून ती करतात. ती दोन-तीन दिवस टिकते, म्हणून पूर्वी लोक प्रवासात दशम्याच नेत. पण त्या दिवशी आमच्या घरात पीठ जेमतेम दोन वेळांचे होते. दूध तर पावशेरच होते. आईने आजीकडे पाहिले. आजी शांतपणे म्हणाली, "पंधरा आणे आपले झाले गं. हा सोळावा आणा आपला नव्हताच."

दशम्या झाल्या, लसणाची सुकी चटणी झाली. त्या रात्री आम्ही पेज पिऊन झोपलो. चाचांच्या हाती ती शिदोरी देताना आजी म्हणाली, "डबा परत आणून द्यायचा हं, बाबा." चाचा म्हणाले, "ज़रूर लाऊँगा, अम्मा." डबा परत मागण्यातही तिची काटकसर होती आणि 'पुन्हा या' असे सांगणेही होते.

ताईने 1983 च्या मार्चमध्ये परीक्षा दिली आणि ती पास झाली. पुढे शिकून ती परिचारिका झाली. बाबांची गिरणीतली नोकरी परत मिळाली नाही. त्यांनी एका गोदामावर पहारेकऱ्याचे काम धरले. काही वर्षांनी चाचा खरोखर डबा घेऊन आले. ते भिवंडीला यंत्रमागावर कामाला लागले होते. डब्यात घरच्या शेवया होत्या. कडेवर त्यांचा दुसरा मुलगा होता आणि तो आजीच्याच दुपट्यात गुंडाळलेला होता. आजीने दुपट्याचे टाके बोटाने चाचपून पाहिले आणि म्हणाली, "अजून एका बाळाला चालेल."

आजी जाऊन आता खूप वर्षे झाली. तिच्या चार आण्यांचे नाणेही गेले; 30 जून 2011 पासून ते व्यवहारातून बंद झाले. आता पैसे मोबाइलवरून जातात आणि ते हाताला जाणवतही नाहीत. वस्तू स्वस्त मिळतात आणि लवकर फेकल्या जातात. कापड फाटण्याआधी कंटाळा येतो. मी पगार झाला, की एका कागदावर आजीची वाटणी लिहिते. रुपये बदलले, महागाई वाढली, पोटाचे बारा आणे कधी तेराही होतात. शेवटचा आणा मात्र मी कमी करत नाही.

मराठीत म्हणतात, 'अंथरूण पाहून पाय पसरावे.' उर्दूत म्हणतात, 'चादर देखकर पाँव फैलाओ.' दोन्ही म्हणींचा अर्थ एकच आहे. आजीने मात्र त्यात थोडी भर घातली होती. अंथरूण पाहून पाय तर पसरावेतच. पण कडेला कुणी कुडकुडत असेल, तर त्याच्यापुरते अंथरूणही मोकळे ठेवावे.

तुमच्या घरी दादी असेल, नानी असेल. तिच्याकडेही असे पुष्कळ काही असेल. जुन्या कपड्यांची रजई ती कशी भरते? उरलेल्या रोटीचे काय करते? पैसे कुठे लपवते? आणि त्यातले कुणाला देते? आज तिच्याजवळ बसून हे विचारा. ती जे सांगेल ते वहीत लिहून ठेवा, उर्दूत लिहा किंवा मराठीत लिहा. आणि हो, गेल्या वर्षीच्या वहीत कोरी पाने उरली असतील, तर नवी वही आणू नका!